गाठ बांधावी कशी?

पावसाळा ओसरला की गडावर जाण्याचे बेत ठरू लागतात. कधी कॉलेजची पोरे, कधी मामू-खालांसह सारे खानदान. बॅगेत टॉर्च, जानमाज, खिम्याचे पॅटिस सगळे भरले जाते. दोरीही कोणीतरी टाकते. पण तिढ्यावर तिढे दिले की गाठ झाली, अशीच बहुतेकांची समजूत असते. मग ती रात्रीच सुटते, नाहीतर सकाळी सोडवायला सुरी लागते.

सुरुवात घरातल्या इजारबंदापासूनच करा. उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही टोके दोरीला लगटून राहिली तर ती रीफ नॉट. दोन्ही वेळा एकाच बाजूचे टोक वर घेतले तर टोके आडवी फाकतात आणि गाठ घसरते. बुटाच्या लेसचेही तेच. फुलाचे कान बुटावर आडवे राहिले पाहिजेत; बोटांच्या दिशेने उभे झाले तर गाठ चुकली समजा. गड उतरताना लेस सुटणे किती महागात पडेल, हे सांगायला नकोच.

ही गाठ पिशवीचे तोंड किंवा बँडेज बांधायला उत्तम. दोन दोऱ्या जोडायला मात्र ती कधीही वापरू नका. 1944 साली गाठींचा प्रचंड कोश काढणाऱ्या क्लिफर्ड ॲशले यांनीही या वापरात माणसे दगावतात, असे बजावले होते.

एकच गाठ शिकायची असेल तर आम्ही बोलाईन सुचवू. ज्यांच्या घरी कोणी जहाजावर नोकरीला होते, त्यांनी ती पाहिली असेल. लांब दोरीवर एक लहान कडे करा. मोकळ्या टोकाकडची बाजू कड्यात वर असावी. आता ते टोक झाडाभोवती फिरवून आणा, कड्यातून खालून वर काढा, लांब दोरीच्या मागून वळवा आणि त्याच कड्यातून खाली घालून आवळा. ताण पडला तरी हा फेरा आवळत नाही, आणि नंतर सहज सुटतो. बकरी ईदला बकऱ्याच्या गळ्यात सरकफास घालतात, तो हिसक्यासरशी आवळत जातो. तिथेही हीच गाठ हवी. (उंट बांधण्याची हदीस सर्वांना पाठ असते, गाठ कोणती, हे कोणी विचारत नाही!) नायलॉन निसरडे असते, म्हणून टोक वीतभर शिल्लक ठेवा.

ताडपत्री ताणायला झाडाभोवती दोन वेढे आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी पुरतात. शेवटची गाठ सुरगाठ ठेवली की सकाळी एका ओढीत मोकळी. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, सुती दोरी आखडते. रात्री दव पडल्यावर एकदा उठून पाहा.

या साऱ्या गाठी सामानासाठी आणि ताडपत्रीसाठी. कड्यावरून माणूस उतरवायचा असेल तर हार्नेस, योग्य दोर आणि शिकलेला माणूस सोबत हवा. पोरे कितीही हट्ट करोत, घरच्या दोरीवर कोणाला लोंबकळू देऊ नका.

निघण्याआधी आठवडाभर मुलांना पलंगाच्या पायाला बोलाईन बांधायला लावा, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. मगरिबनंतर गडावर हात दिसत नाही.