गाढवाला बांधलेलं शिंगरू



गेल्या महिन्यात टेक्सासहून माझ्या पुतणीने एक व्हिडिओ पाठवला. एक थोराड करडं गाढव, आणि त्याच्या गळपट्ट्याला दोरीने बांधलेलं घोड्याचं शिंगरू. शिंगरू ओढतंय, उड्या मारतंय, चारही पाय रोवून मागे बसतंय. गाढव मात्र शांतपणे गवत खातंय. खाऊन झालं की ते पाण्याकडे निघतं, आणि शिंगराला त्याच्यामागे जावंच लागतं. तिकडे शिंगराला दोरीने चालायला शिकवायची ही जुनी रीत आहे म्हणे. काही दिवसांनी दोर माणसाच्या हातात आला तरी ते मुकाट मागे येतं.

मी तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर टाकला. हसऱ्या बाहुल्यांचा पाऊस पडला. दोघीतिघींनी 'बिचारं शिंगरू' लिहिलं. एकीने मात्र विचारलं, "काकू, हा बंध नाही का?" दशलक्षणात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत आणि त्यातला पहिलाच बंध. पुढचे मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. या पाचांकडे नीट बघा. पाचही जनावर पाळणाऱ्या माणसाच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. आपण फ्लॅटमध्ये राहतो म्हणून ते घडाघडा म्हणतो आणि पुढच्या सूत्राकडे जातो.

मैत्रिणीच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. आधी त्या रीतीतलं मर्म सांगते. घोडा भ्याला की पळतो, त्याचा जन्मस्वभावच तो. गाढव भ्यालं की थांबतं, उभं राहून बघतं, मग ठरवतं. यालाच आपण अडेलपणा म्हणतो आणि मुलांना त्यावरून शिव्या देतो. शिंगरू ओढतं तेव्हाच दोरी ताणली जाते. त्याने एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल होते. गाढवाला राग येत नाही, त्याला काही सिद्ध करायचं नसतं, संध्याकाळपर्यंत काम संपवायची घाईही नसते. माणसाच्या हातात तोच दोर असला की आधी हिसका बसतो, मग चाबूक निघतो, आणि शिंगराने ऐकलं तरी दोर सैल करायचं भान माणसाला उशिरा येतं. नातवाला अभ्यासाला बसवताना माझंही असंच होतं, ते असो.

आपल्याकडे शिंगराला गाढवाशी बांधलेलं मी कधी पाहिलं नाही. पण माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, वडिलांची शेती. नवा खोंड शिकवायचा म्हणजे त्याला थोराड, मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपायचं. पहिले काही दिवस नुसतं जू मानेवर, मग रिकामी गाडी नाहीतर एखादा ओंडका. खोंड मध्येच वळायला बघायचा, जुना बैल आपल्या चालीने सरळ चालायचा. वडील कासरा सैल धरून मागून चालत. जे काय शिकवायचं ते बैलच शिकवी.

तर हा बंध आहे का? आहे. पण श्रावकाचाराच्या टीकांमध्ये बंधाचाही बारीक विचार केलेला आहे. कारणाने बांधणं वेगळं आणि उगाच बांधणं वेगळं. कारणाने बांधलं तरी गाठ इतकी सैल हवी की गोठ्याला आग लागली तर जनावराला सुटता यावं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या आगीचा विचार करून ठेवला आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. गाढवाच्या गळ्यातली दोरी शिंगराला सोडवता येणार नाही, म्हणून तिथे माणूस नजरेच्या टप्प्यात हवाच. दोरीला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी हवी, दोरी पायात गुंतेल इतकी लांब नको, पाणी आणि सावली जवळ हवी, रात्री दोघांना सोडायला हवं. एवढं सांभाळलं तर चाबकाच्या शिकवणीपेक्षा मला ही रीत पटते. बांधून मालक जेवायला गेला, तर नाही पटत.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ग्रुपवर 'बिचारं शिंगरू' दोघीतिघींनी लिहिलं, 'बिचारं गाढव' एकीनेही नाही. ओढ त्याच्याही मानेला बसते. शिंगरू शिकलं की ते कुणाच्या तरी दारात मिरवणार, आणि गाढवाच्या गळ्यात पुढचं शिंगरू येणार.

आपल्याकडे त्याची स्थिती याहून वाईट. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. तिथून ती वीटभट्टीवर, वाळूला, मातीला जातात. बी.कॉम. केलेली बाई मी, आकडा दिसला की थांबते. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यात गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त 50 किलो ओझं सांगितलं आहे. म्हणजे सिमेंटचं एक पोतं. तीन किलोची वीट धरली तर सोळा विटा. पुढच्या वेळी विटांनी लादलेलं गाढव दिसलं तर मोजून बघा. अतिभारारोपण हा शब्द मग पोथीतला वाटत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात गाढवं उरली साधारण 1 लाख 20 हजार. 2012 च्या मानाने साठ टक्क्यांहून जास्त घटली.

आता घरातली गोष्ट. मोठ्या जाऊबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे आणि वरातीला घोडा हवाच असं त्यांचं म्हणणं. मागच्या वर्षी नात्यातल्याच एका वरातीत घोडी डीजेच्या भिंतीसमोर उभी होती. तिच्या मानेवर घाम, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. तिने पाय उचलला की तोंडातला लगाम हिसडला जायचा. नवरदेव हसत होता, आम्ही सगळ्या फोटो काढत होतो. मीही काढला. घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त दिसलं. त्याच 1965 च्या नियमांत काटेरी लगामाला सरळ बंदी आहे, स्वारीसाठीसुद्धा. त्या रात्री तो काटेरी होता की नाही, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

वरातीतूनच परत फिरलेल्या नेमिनाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कोंडलेल्या जनावरांचा आवाज त्यांच्या कानावर गेला. आपल्या वरातीत डीजे इतका मोठा असतो की आवाज कानावर जाण्याची सोयच नाही.

माझं मत विचाराल तर लग्नात घोडा नकोच. जाऊबाई म्हणतात, "अगं, सगळ्यांनी असं म्हटलं तर घोडेवाल्याने खायचं काय? आणि त्याच्या घोड्याने?" हे त्यांचं चुकीचं नाही. काम नसलेल्या घोड्याचा चारा पहिला कमी होतो, आणि अन्नपाननिरोध हाही अतिचारच. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण मग घोडा ठरवताना नुसता भाव करायचा नाही, एवढं तर आपण करू शकतो. लगाम हातात घेऊन बघायचा. घोडा शिकवला कसा, कुणी, किती घाईने, हे विचारायचं. त्या दिवशी त्याची ही कितवी वरात हे विचारायचं. डीजे त्याच्यापासून लांब ठेवायचा, अर्ध्या तासात नवरदेवाला उतरवायचं, आणि पैसे मात्र पूर्ण द्यायचे. ओटीच्या साड्यांचा पोत आपण दहा दुकानं फिरून बघतो, तर हे काय जड आहे!

जाऊबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत. घोडेवाल्याचा नंबर मात्र त्यांनी मला दिला आहे. रविवारी सकाळी मी आणि आमचे हे त्याच्या तबेल्यावर जाऊन येणार आहोत.