बांध घालील त्यास दाम मिळावा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला म्हणजे माळाखालच्या ओढ्याचें पाणी तांबडें होऊन वाहतें. शेतकरी बंधुभगिनींनो, तो रंग पाण्याचा नव्हे. ती आपल्या बापजाद्यांची माती आहे! ज्या वरच्या वीतभर थरावर पीक पोसतें तोच थर वाहून जातो, व तो पुन्हां बनण्यास शेंकडों वर्षें लागतात.

हें दुखणें नवें नाहीं. जोतीरावांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारनें लष्करी व पोलीस शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्यावे, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरेल, असें त्यांनीं त्यांत सुचविलें. त्याच सालीं सरकारनें जमीनसुधारणेच्या तगाईचा कायदा केला. म्हणजे मदत दिली ती कर्जाची!

आज काय चाललें आहे? युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांस मिळते. उरलेली किंमत सरकार सोसतें. ही सवलत काढा, असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहा गोण्या ओतणाऱ्यास दहापट मदत, आणि उतारास आडवी पेरणी करून बांधाचे दगड रचणाऱ्यानें कोणाच्या तोंडाकडे पहावें? 2015 पासून मृद् आरोग्यपत्रिका निघाली. ठीक आहे, पण वैद्यानें नाडी पाहिली, औषधाला पैसा कोठून आणावा? 2023 सालच्या पीएम-प्रणाम योजनेंत, रासायनिक खत कमी वापरल्यानें वांचलेल्या अनुदानाचा अर्धा भाग राज्यास देण्याचें ठरलें. राबला कोण, आणि बक्षीस कोणास?

कोणी म्हणेल, ज्याचें शेत त्यानें राखावें. सरकारनें पैसे कां द्यावे? त्यांस आमचें उत्तर हें कीं, वाहिलेली माती धरणांत बसून पाण्याची जागा खाते. वरचा कुणबी बांध घालतो तेव्हां खालच्या विहिरीस पाणी लागतें व शहराचें धरण गाळापासून वांचतें. लाभ सर्वांचा, तर खर्च एकट्याच्या माथीं कां?

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. पावसाळ्यानंतर टिकलेला बांध ग्रामसभेनें शेतावर जाऊन मोजावा व त्याप्रमाणें दाम द्यावा. निम्मा पैसा आधीं द्यावा. घरांत दाणा नसलेल्यानें वाट किती पहावी? सातबाऱ्यावर नांव नसलेल्या वाटेकऱ्यास वगळूं नये. या कामांत गांवच्या वडार-बेलदारांस मजुरी मिळावी, व कुदळी-पहारी गांवच्याच लोहारानें घडवाव्या.

आणि आपणही पाचट पेटवूं नये, उताराच्या दिशेनें नांगर धरूं नये. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? माती गेल्यावर सातबारा हातीं उरेल. पण तो कागद पेरून दाणा उगवत नाहीं.