सायलेन्सरचे खरे बिल : जुनी मोटार, चकचकीत नळी आणि दांडीचा किनारा

१/
दांडी हे नाव ऐकले की इतिहासाच्या वाचकाला १९३० सालचे मीठ आठवते. ती दांडी गुजरातची, नवसारीजवळची. पालघर जिल्ह्यातील दांडी वेगळी. नवापूर, उच्छेळी, मुरबे, सातपाटी या मच्छीमार गावांच्या पंगतीत बसणारी, तारापूर आणि बोईसरच्या शेजारची. या धाग्यातील प्रश्न वरवर पाहता तिच्याशी संबंधित नाही : जुन्या मोटारीला खास मापाने घडवलेला सायलेन्सर बसवायला किती खर्च येतो? मात्र या प्रश्नाचे उत्तर गॅरेजच्या बिलावर संपत नाही, आणि ते जिथपर्यंत जाते तो किनारा दांडीचा आहे.

२/
आधी शब्दाचा खुलासा. मराठी गॅरेजमध्ये इंजिनापासून मागच्या बंपरखालच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या नळीला ‘सायलेन्सर’च म्हणतात. वास्तविक तिचे भाग वेगवेगळे : इंजिनाला चिकटलेला बिडाचा मॅनिफोल्ड, खाली उतरणारी नळी, आवाज गिळणारा डबा आणि शेवटची शेपटी. यातील डब्याचे पेटंट अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये घेतले. मोटारीचे युग नुकतेच सुरू होत होते, आणि तिने ओरडू नये याची चिंताही तेव्हाच सुरू झाली होती.

३/
महाराष्ट्रात ‘जुनी मोटार’ म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती प्रीमियर पद्मिनी. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात घडल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने ‘११००’ तयार होऊ लागली. तिचेच रूप १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखले गेले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. लोकांनी तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले.

४/
पद्मिनीचे उत्पादन शतक बदलता बदलता थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी शहराच्या रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून, समाजमाध्यमांतून हळहळ व्यक्त झाली. काल जी खटारा होती ती एका रात्रीत वारसा झाली. आज ती जपणाऱ्यांत तरुण मालकही आहेत, आणि बहुतेकांचे पहिले दुखणे असते सायलेन्सर.

५/
याचे कारण रसायनात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर पडते. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ निघून जाते. पण हौशीची मोटार रविवारी दोन-तीन किलोमीटर फिरते आणि पुन्हा आच्छादनाखाली उभी राहते. वाफ डब्यातच थिजते, धुरातील आम्लद्रव्ये तिच्यात मिसळतात आणि साधा पत्रा आतून सडतो. त्यात कोकणपट्टीचा खारा वारा बाहेरून पोखरतो. जुनी मोटार कमी वापरल्याने टिकते ही समजूत सायलेन्सरच्या बाबतीत खोटी ठरते.

६/
कंपनीचा मूळ भाग आता सहजी मिळत नाही. मग मालकापुढे दोन वाटा राहतात. एक, जुन्या नमुन्याबरहुकूम साध्या पोलादाची नळी वाकवून घेणे. दुसरी, स्टेनलेस स्टीलची नळी खास घडवून घेणे. पहिलीचा खर्च काही हजारांत भागतो. दुसरीचा काही पटींनी वाढतो, आणि आयात डबा, मॅनिफोल्डच्या जागी नवे हेडर अशी हौस वाढत गेली की मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

७/
हा पैसा धातूपेक्षा हाताला अधिक जातो. मोटार लिफ्टवर चढवून मागचा अॅक्सल, पेट्रोलची टाकी आणि जमीन यांच्यामधून वाट काढावी लागते. प्रत्येक वळणावर नळी चिमटू नये म्हणून ती आतून दांडा घालून वाकवतात. स्टेनलेसचा जोड आर्गॉन वायूच्या आवरणात करावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूने धातू करपतो. इंजिन हलते, म्हणून नळी रबरी दोऱ्यांवर टांगावी लागते. घट्ट बसवली तर महिन्या-दोन महिन्यांत तडा जातो. एखादा जोड गळका राहिला तर कार्बन मोनॉक्साइड थेट आसनांपर्यंत येतो. चांगला कारागीर महाग असतो, आणि तो असावाच.

८/
दुसरा खर्च कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ रूपात जपलेले हवे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या उंबरठ्यावर आल्या आहेत. ज्याने हेडरपासून शेपटीपर्यंत सगळे बदलून टाकले, त्याने ‘मूळ रूप’ या दोन शब्दांपुढे स्वतःच प्रश्नचिन्ह उभे केले.

९/
आवाजाचा नियम तर त्याहून जुना आणि स्पष्ट. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय परवानाही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची दृश्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिली आहेत. चार चाके असली म्हणून नियम बदलत नाही.

१०/
यापलीकडे एक ऐतिहासिक नुकसान आहे, आणि त्याची नोंद कोणी घेत नाही. पद्मिनीचा आवाज हा एक दस्तऐवज आहे. सिग्नल सुटताच उठणारी तिची घरघर मुंबईच्या कित्येक पिढ्यांच्या कानात आहे. मोठ्या व्यासाची मोकळी नळी बसवली की १०८९ सीसीच्या इंजिनाला शक्तीचा लाभ नाममात्र होतो, आवाज मात्र कायमचा बदलतो. शिलालेखाची अक्षरे सुबक दिसावीत म्हणून कोणी ती नव्याने कोरली, तर इतिहासाचा विद्यार्थी संतापेल. मोटारीच्या बाबतीत तोच विद्यार्थी टाळ्या वाजवतो.

११/
आता तिसरा खर्च, आणि दांडीकडे जाणारी वाट. स्टेनलेस स्टीलचा शोध सहसा इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्या नावे, १९१३ सालच्या खाती मांडला जातो. लोखंडात सुमारे साडेदहा टक्के किंवा अधिक क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि गंज थांबतो. सायलेन्सरसाठी बहुधा ‘४०९’ किंवा ‘३०४’ हे प्रकार वापरतात. ‘३०४’ मध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. तिची चकाकी अधिक आणि किंमतही अधिक.

१२/
ही चकाकी भट्टीतून तयार होऊन येत नाही. तापवलेल्या, लाटलेल्या स्टेनलेसवर काळपट खपली धरते. ती काढण्यासाठी धातू नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात. कारखान्यांत या क्रियेला ‘पिकलिंग’ म्हणतात. वापरून झालेल्या आम्लात लोह, क्रोमियम आणि निकेल उतरलेले असते. धुण्याचे पाणीही आम्लधर्मी होते. ते चुन्याने शमवावे लागते, आणि उरलेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळा ठेवावा लागतो. हे सारे नीट केले तर खर्च येतो. नीट केले नाही तर खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतो.

१३/
हे दार कोणाचे, ते पाहण्यासाठी तारापूरला यावे लागते. इतिहासप्रेमींना तारापूर आठवते ते चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेमुळे. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून येथील कोट घेतला, आणि बाजी भिवराव रेटरेकर तेथेच धारातीर्थी पडले. १९६९ मध्ये येथे देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरच्या बाजूला तारापूर औद्योगिक वसाहत वाढत गेली : रसायने, औषधे, कापड आणि पोलाद. स्टेनलेसचे बार, तार आणि फ्लँज हेही येथे तयार होतात. सायलेन्सरचे दोन तुकडे जोडणारी चकती ती फ्लँज, आणि जोडात वितळते ती तार.

१४/
कोणत्या मोटारीची नळी कोणत्या कारखान्यातून आली हे बिलावर लिहिलेले नसते. त्यामुळे कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही, आणि दाखवूही नये. वसाहतीचे सांडपाणी कोठे जाते हे मात्र सर्वज्ञात आहे : सामाईक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने नवापूरच्या समुद्रात, दांडीच्या शेजारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष मूल्यमापनात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. सत्तरच्या वर गेले की क्षेत्र ‘अतिप्रदूषित’ ठरते. तारापूरचा आकडा देशात सर्वांत वरचा होता.

१५/
किनाऱ्याने हे मुकाट्याने सोसले नाही. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मांगेला हा या पट्ट्यातील पिढीजात मच्छीमार समाज. खाडीतील आणि किनाऱ्यालगतची मासळी नष्ट होत आहे, ही तक्रार होती. लवादाने समित्या नेमल्या, नुकसानीचे मोजमाप करवले, आणि २०२२ मध्ये कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरणीय भरपाई बसवली. पापलेट आणि बोंबील यांची भाषा बोलणाऱ्या लोकांना कायद्याची भाषा शिकावी लागली, तेव्हा कुठे हा खर्च कागदावर आला.

१६/
येथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एका पद्मिनीच्या नळीत धातू तो किती? काही किलो. देशातील सर्व हौशी मोटारी एकत्र केल्या तरी त्या तारापूरच्या हिशेबात दिसणारही नाहीत. शिवाय स्टेनलेसची नळी दीर्घकाळ टिकते, आणि साध्या पोलादाची दर काही वर्षांनी भंगारात जाते. पोलादनिर्मितीही निष्पाप नाही. हा आक्षेप मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. मुद्दा एका मालकाच्या पापाचा नाही. ‘किंमत’ या शब्दात काय काय मोजायचे, याचा आहे.

१७/
भारतीय न्यायव्यवस्थेने याचे उत्तर १९९६ मध्येच दिले आहे. राजस्थानातील बिछडी गावाच्या आणि तमिळनाडूतील वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. या तत्त्वाचा अर्थ इतकाच की वस्तूची किंमत तिच्या घाणीसकट ठरली पाहिजे. कारखान्याने आम्ल शमवण्याचा खर्च केला तर स्टेनलेस थोडे महाग होईल. जो माणूस हौसेसाठी काही पट मोजायला तयार आहे, त्याला ही वाढ परवडते. दांडीच्या बोटीला रिकामे जाळे परवडत नाही.

१८/
मग जुन्या मोटारीच्या मालकाने काय करावे? मूळ व्यासाची, मूळ वळणांची, साध्या पोलादाची नळी हा इतिहासाशी सर्वांत प्रामाणिक आणि खिशालाही सोसणारा मार्ग आहे. मोटार आठवड्यातून एकदा नळी पुरती तापेपर्यंत चालवली तर तीही टिकते. स्टेनलेसच हवे असेल तर व्यास आणि डबा मूळचेच ठेवावेत, आवाज वाढवू नये, आणि कारागिराला धातू कोणाकडून घेतला हे विचारावे. आज कदाचित उत्तर मिळणार नाही. पण गिऱ्हाईक विचारू लागले की पुरवठादाराला उत्तर शोधावे लागते. जुन्या वस्तूचा पूर्वेतिहास विचारणाऱ्यांना नव्या नळीचा पूर्वेतिहास विचारणे जड जाऊ नये.

१९/
सायलेन्सर बनला तो एका साध्या हेतूने : इंजिनाचा धूर आणि गोंगाट बसलेल्या माणसापासून दूर न्यावा. मोटारीत बसणाऱ्याला तो मागे सोडता येतो. मागे कोण उभे आहे, हे आरशात दिसतेच असे नाही. तारापूरच्या इतिहासात १७३९ चे पान आहे, १९६९ चे आहे, आणि २०१६ साली एका मच्छीमार समाजाने लवादापुढे ठेवलेला अर्जही आहे. पहिली दोन पाने पाठ असणाऱ्यांनी तिसरेही वाचावे. पद्मिनीच्या नव्या नळीचे बिल त्यानंतरच पूर्ण वाचल्यासारखे होईल.