पाण्याचा जोर आणि हवेची टाकी

कापसाची पहिली वेचणी विकली गेली, हातात चार पैसे आले आणि नाताळ तोंडावर आला की आपल्या धर्मग्रामात घरांची डागडुजी सुरू होते. पूर्वी हे काम चुना आणि रंगापुरते असे. आता त्यात न्हाणीघराची भर पडली आहे. मंजुसरच्या कारखान्यांत नोकरीला जाणारी मुले शहरातील घरे पाहून येतात व आपल्या घरीही तसाच फवारा, तसाच गीझर हवा असे म्हणतात. त्यात वावगे काही नाही. आईला अंगणातून बादल्या वाहाव्या लागू नयेत असे मुलाला वाटले तर ते चांगलेच आहे. परंतु “फादर, प्रेशर पंप कोणता घेऊ? टाकी केवढी बसवू?” असे मिस्सेनंतर आम्हांला इतक्या जणांनी विचारले आहे की, ह्या पानावर आमचे मत एकदा सविस्तर मांडावे असे ठरविले. सेमिनरीत आम्हांला ईशज्ञान शिकविले, नळजोडणी नव्हे. ती आम्ही धर्मगुरुनिवासात ठेच खाऊन शिकलो. ती हकिगत पुढे येईल.

प्रथम एक साधी गोष्ट. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याला तलाव बांधून बडोदे शहराला पाणी दिले, ते उताराने आणले. उंचीवर ठेवलेले पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते, त्याला मोटार लागत नाही. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोचा दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. आपली गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर उंच असते, म्हणून नळाला पाव किलोहून थोडा अधिक दाब असतो. बादली भरण्यास तो पुरतो, फवाऱ्याला पुरत नाही. ज्यांना फक्त “नळ मंद येतो” अशी तक्रार आहे त्यांनी पंप विकत घेण्यापूर्वी टाकीखाली आणखी दीड-दोन मीटरचा पक्का चबुतरा बांधावा, अर्ध्या इंचाचा उतरता पाइप काढून एक इंचाचा घालावा आणि नळाच्या जाळीतील गाळ साफ करावा. आमच्या अंदाजाने अर्ध्याअधिक घरांचे काम एवढ्यातच भागेल आणि विजेचे बिलही येणार नाही.

तरीही जोर हवाच असेल, तर हवेची टाकी म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. पाठीवरचा हाताचा फवारणी पंप आपल्यापैकी प्रत्येकाने मारलेला आहे. दांडा चार वेळा हलविला की हात थांबला तरी औषध काही वेळ उडतच राहते. हे कशाने होते? पंपाच्या आतील कोठीत हवा कोंडलेली असते. पाणी दाबता येत नाही, हवा दाबता येते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पाण्याला बाहेर ढकलीत राहते. घरची प्रेशर टाकी ही तीच कोठी, फक्त मोठी. आत रबराची पिशवी किंवा पडदा असतो. त्याच्या एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला हवा राहते. हवा दाबली की किती आकसते ह्याचा नियम १६६२ साली रॉबर्ट बॉइल ह्या धर्मनिष्ठ अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. बायबलच्या आयरिश भाषांतराच्या छपाईला पैसे देणारा तोच हा बॉइल. पुढे फ्रान्समधील एडम मारिओत ह्या मठप्रमुखाने १६७६ मध्ये तोच नियम मांडला व फ्रेंच लोक तो त्याच्याच नावाने ओळखतात. आपली माणसे अशा कामांत मागे नव्हती, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता आमची ठेच. धर्मगुरुनिवासातील पंप रात्री टक-टक करीत सुटे. न्हाणीघरातील एक नळ थेंबथेंब गळत होता, तेवढ्याने पंप दर दहा-पंधरा सेकंदांनी चालू होई व लगेच बंद पडे. कारागीर आला, पंप जुना झाला म्हणाला. आम्ही नवा घेतला. महिनाभरात नव्याच्या स्विचचे टोक जळाले व पुन्हा टक-टक सुरू झाली. शेवटी आमच्या युवक मंडळातील, सायकलचे दुकान चालविणाऱ्या एका मुलाने टाकीच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढली. आत सायकलच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह होता. त्याने तो दाबला. हवेचा फुस्स असा आवाजही आला नाही. टाकीतील हवा केव्हाच निघून गेली होती. त्याने टाकीतले पाणी सोडले, हातपंपाने हवा भरली आणि पंप शांत झाला. जुना पंपही निर्दोष होता. नव्या पंपाचे पैसे धर्मग्रामाचे होते, त्यामुळे हा सर्व हिशेब आम्ही मंडळापुढे मांडला व चूक कबूल केली. कारागिराला आम्ही दोष देत नाही. टाकीत हवा असते हे आम्हांलाच ठाऊक नव्हते.

म्हणून आमचे पहिले मत असे की, पंपावर पैसे खर्चण्यापेक्षा टाकीवर खर्चावेत. मोटारीला सर्वांत जास्त त्रास सुरू होताना होतो. एकदा सुरू झाल्यावर तिने निदान एक मिनिट तरी चालले पाहिजे. दुकानातील साध्या पंपाचा स्विच बहुधा १.४ किलोला पंप सुरू करतो व २.८ किलोला बंद करतो. (पौंडांत सांगायचे तर वीस आणि चाळीस.) ह्या दोन खुणांच्या दरम्यान टाकी जेवढे पाणी देते तेवढेच तिचे खरे माप. शंभर लिटरची टाकी म्हटली तरी ती एका वेळी सुमारे चौतीस लिटर देते, बाकी जागा हवेची असते. चोवीस लिटरची छोटी टाकी आठच लिटर देते. तुमचा पंप मिनिटाला तीस लिटर पाणी ओढत असेल तर चोवीस लिटरच्या टाकीवर तो पंधरा सेकंदांत थांबणार, आणि घरात सहा माणसे असली तर दिवसातून कितीतरी वेळा सुरू होणार. अशा पंपाला नव्वद ते शंभर लिटरची टाकी हवी. दुकानदार पंपाबरोबर लहान टाकी देतो, कारण ती स्वस्त पडते व मांडणीत छान दिसते. पंप अर्ध्या अश्वशक्तीचाच घ्या. टाकी मात्र मोठी मागा. ती पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी आहे ना, हेही विचारा. आतल्या रबराचा वास पाण्याला लागला तर ती परत करा.

टाकीत हवा किती भरावी? पंप सुरू होण्याच्या खुणेपेक्षा दोन पौंड कमी. वीस पौंडांचा स्विच असेल तर अठरा. मात्र हवा मोजताना पंप बंद हवा, नळ उघडा हवा आणि टाकीत पाण्याचा थेंबही नको. पाण्यासकट मोजाल तर आकडा खोटा येईल. दर सहा महिन्यांनी हे करावे. व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर रबर फाटले असे समजावे. काही घरांत रबर नसलेल्या जुन्या लोखंडी टाक्या आहेत. त्यांतील हवा हळूहळू पाण्यात विरघळते, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागतात.

जोडणीबद्दल थोडेच सांगतो. टाकी पंपाजवळ, सावलीत, सपाट जमिनीवर ठेवावी. भरलेली टाकी पत्र्याच्या आधारावर लटकवू नये. टाकीपाशी बंद करण्याचा एक व्हॉल्व्ह व पाणी सोडण्याची एक तोटी अवश्य ठेवावी, नाहीतर हवा तपासणे कोणी करणार नाही. शेतातून उरलेला अडीच किलोचा पाइप घरात वापरण्याचा मोह आवरावा. पंप सुरू-बंद होताना जो धक्का बसतो त्यात असले सांधे सुटतात, आणि भिंतीतला सांधा सुटला की त्याचा पत्ता ओल आल्यावरच लागतो. अर्थिंग आणि झटका बसताच वीज तोडणारे यंत्र नसेल तर गीझर व पंप दोन्ही बसवू नयेत.

हे सारे गावातल्या घरांसाठी झाले. ज्योतिग्राम योजनेत, २००३ ते २००६ ह्या काळात, गावाची वीज शेतीच्या विजेपासून वेगळी झाली व घरांना चोवीस तास वीज मिळू लागली. त्यामुळेच प्रेशर पंपाचा विचार तरी करता येतो. शेतावर राहणाऱ्यांना, ज्यांची जोडणी शेतीच्या तारेवर आहे व वीज ठरावीक तासच येते, त्यांना आम्ही हा पंप घेऊ नका असेच सांगू. त्यांना उंच टाकीच बरी.

आता गीझर. येथे जिवाशी गाठ आहे, म्हणून नीट वाचावे. पाणी तापले की फुगते. वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर नेले तर ते सुमारे दीड टक्का वाढते. पंचवीस लिटरच्या गीझरमध्ये साधारण चारशे मिलिलिटर, म्हणजे दोन पेले. गच्चीवरच्या टाकीशी गीझर सरळ जोडलेला असेल तर हे जादा पाणी मागे सरकते व काही बिघडत नाही. पण प्रेशर पंप आला की गीझरच्या तोंडाशी पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसविला जातो. मग त्या दोन पेले पाण्याने जावे कोठे? ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकते. ते ठिबकणे हा बिघाड नव्हे, ते गीझरचे श्वास घेणे आहे.

गेल्या हिवाळ्यात एका घरभेटीत आम्ही पाहिले की, भिंत ओली होते म्हणून त्या व्हॉल्व्हच्या नळीत लाकडाची खुंटी ठोकून वर चिंधी बांधली होती. खाली मुले अंघोळ करीत होती. आम्ही चहा न घेता प्रथम गीझरचे बटन बंद करावयास लावले. पाणी दाबाखाली असले की शंभर अंशांना उकळत नाही, ते तापतच जाते. उष्णता तोडणारे यंत्र एकदा अडकले व पाण्याला बाहेर पडण्यास वाटच नसली तर टाकी फुटते, आणि त्या क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ न्हाणीघराची भिंतही ठेवीत नाही. त्या घरच्या माणसाला कोणी हे सांगितलेच नव्हते. ज्यांच्या घरी अशी खुंटी असेल त्यांनी ती आजच काढावी, अंक वाचून खाली ठेवण्याआधी.

ठिबक नको असेल तर उपाय आहे. गीझर आणि त्या एकमार्गी व्हॉल्व्हच्या मध्ये, गार पाण्याच्या नळीवर एक लहान फुगवटा-टाकी बसवावी. पंचवीस लिटरच्या गीझरला पाच लिटरची पुरून उरते. तिच्यातील हवा मात्र नळाच्या सर्वांत जास्त दाबाइतकी भरावी, म्हणजे २.८ किलो, पंपाच्या टाकीचा दोन पौंड कमीचा हिशेब येथे लावू नये. ही टाकी बसविली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह काढावयाचा नाही. आणि गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सूर्यबंब असेल, ज्याच्या टाकीला हवेची उघडी नळी असते, त्याच्या गार पाण्याच्या वाटेवर प्रेशर पंप कधीही जोडू नये. ती टाकी दाबासाठी बनविलेली नसते. ती फुगते व शिवणीत उकलते.

शेवटी जो मुद्दा आम्हांला सर्वांत अधिक बोचतो तो. काही जण ही सगळी खटपट टाळून पंप सरळ पंचायतीच्या नळाला लावतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेचा हिशेब माणशी दिवसाला पंचावन्न लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला पावणेतीनशे लिटर. फळियाच्या सुरुवातीला दोघांनी मोटारी लावल्या की टोकाच्या घरी तेवढे पाणी पोहोचत नाही. तेथे बहुधा एखादी विधवा किंवा म्हातारे जोडपे असते, त्यांचे कोणी पाणी समितीत नसते. दुसरे असे की, मोटार ओढू लागली की नळवाहिनीत पोकळी तयार होते, आणि वाहिनीला जेथे भेग असेल तेथून गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते ओढणाऱ्याच्याही घरी येते. कावीळ व विषमज्वर असेच येतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क म्हटले आहे. आपल्या मोटारीने शेजाऱ्याचा तो हक्क ओढून घ्यावा काय, ह्याचे उत्तर आम्ही कबुलीजबाबाच्या वेळीही ऐकू इच्छितो. गरारच्या खोऱ्यात पाण्यावरून तंटा झाला तेव्हा इसहाक आपली विहीर सोडून पुढे गेला व दुसरी खणली. आपल्याला एवढे करावयाचे नाही. अंगणात पाचशे किंवा हजार लिटरची झाकलेली हौद-टाकी बांधावी, नळाचे पाणी तिच्यात आपल्या गतीने पडू द्यावे आणि पंप त्या हौदावर लावावा. एवढेच काम आहे.

आणखी एक. दाब चौपट झाला की त्याच तोटीतून पाणी दुप्पट येते. फवारा लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शोषखड्डा भरून गल्लीत वाहू लागला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या पाण्यावर डास होतात. तेव्हा न्हाणीघर वाढविताना खड्डाही वाढवावा, किंवा ते पाणी केळीच्या आळ्यात सोडावे.

हवा मोजण्याचे यंत्र धर्मगुरुनिवासात ठेवलेले आहे. रविवारच्या मिस्सेनंतर ते कोणीही घरी नेऊ शकतो. वहीत नाव लिहावे व बुधवारपर्यंत परत आणावे. सायकलचे दुकान चालविणारा तो मुलगा नाताळपूर्वीच्या दोन शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात असेल. आपल्या टाकीतील हवा कशी तपासावी हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी यावे. स्त्रियांनीही यावे, कारण घरचा पंप दिवसभर त्याच चालवितात.