भोजराजाच्या दरबारांतील गर्दी

आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांना गोष्ट सांगण्याचा परिपाठ अजून चालू आहे. परवां धाकट्या नातीनें भोजराजाची गोष्ट मागितली. आम्हीं आरंभही केला. पण कालिदासाचें नांव तोंडीं येतांच अडखळलों.

बल्लाळ नामक पंडितानें सोळाव्या शतकांत 'भोजप्रबंध' रचला. त्यांत धारानगरीच्या भोजापुढें कालिदास, बाण, भवभूति, माघ अशी मंडळी एकाच सभेंत बसून एकमेकांवर कुरघोडी करतात आणि एकेका श्लोकास लक्ष लक्ष मुद्रा घेऊन घरीं जातात. आतां भोज अकराव्या शतकांतला. बाण सातव्या शतकांत हर्षाच्या पदरीं होता. विदर्भांतील पद्मपुरचा भवभूति आठव्या शतकांतला. आणि कालिदासाची कीर्ति तर ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखांतच कोरलेली आहे. बल्लाळाच्या सभामंडपांत शतकेंच दाटीवाटीनें बसलीं आहेत!

बल्लाळास आम्ही लबाड म्हणत नाहीं. त्याला इतिहास लिहावयाचा नव्हता, रसिक राजाचा महिमा गावयाचा होता. त्यांतली एक गोष्ट पहा. आपल्या मरणावरचा विलाप जिवंतपणींच ऐकावा अशी राजाला हौस येते. कालिदास संतापून निघून जातो. राजा वेष पालटून त्याला गाठतो व भोज वारल्याची वार्ता सांगतो. कवीच्या तोंडून शोकाचा श्लोक निघतांच राजा मूर्च्छित पडतो. कालिदास तो ओळखतो आणि मोजके शब्द फिरवून तोच श्लोक मंगल करतो. हा कालिदास खोटा खरा, पण सोडवत नाहीं. खऱ्या कालिदासानें प्रस्तावनेंतील नांवापलीकडे स्वतःविषयीं कांहींच सांगून ठेविलें नाहीं; मग मोकळ्या घरांत कोणीही बिऱ्हाड करावें, तसे कथाकार शिरले. १९५८ सालीं मोहन राकेश यांनीं हिंदी नाटकांत त्याला गांवची मल्लिका सोडून उज्जयिनीस जाणारा, मनानें दुबळा पुरुष केला.

बाणाचें तसें नाहीं. त्यानें 'हर्षचरितां'त आपली आई लहानपणींच गेली, चौदाव्या वर्षीं वडील गेले, मग आपण सोबती घेऊन देशोदेशीं भटकलों, हें स्वतःच सांगितलें आहे. हजारीप्रसाद द्विवेदी यांनीं १९४६ सालीं त्याचें 'आत्मचरित्र' म्हणून कादंबरी लिहिली आणि तिचें हस्तलिखित एका ऑस्ट्रियन बाईंना सांपडल्याची बतावणीही केली. पण बाणाला त्यांनीं हर्षाच्याच काळांत राहूं दिलें. आमच्या मतें ही बतावणी बल्लाळाच्या गर्दीहून सभ्य आहे.

आतां अडखळण्याचें कारण. शाळेंत भोजाच्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षें रंगवून सांगत असूं, आणि इतिहास म्हणूनच सांगत असूं. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, "गुरुजी, बाण हर्षाजवळ होता ना? मग भोजाकडे कसा आला?" वर्ग हसला. आम्हांस उत्तर येत नव्हतें. म्हणून आगाऊपणाबद्दल त्याला तास संपेपर्यंत उभें केलें. त्यानें पुन्हां आमच्या तासाला कधीं प्रश्न विचारला नाहीं.

नातीला आम्हीं आधीं कोणता कवि कधीं झाला तें सांगितलें, मग गोष्ट सांगितली. "मग हे सगळे भेटलेच नाहींत?" असें म्हणून ती थोडी हिरमुसली, परंतु राजा मूर्च्छित पडला तेव्हां उठून बसली.

तो विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेला असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असल्यास त्यानें जाणावें, कीं त्याचा प्रश्न बरोबर होता.