रात्री होडी कुठे थांबते?

परवा बचत गटाची बैठक संपली, सगळ्या पांगल्या, पण एक मैत्रीण मागे रेंगाळली. "ताई, तुम्ही तरी समजवा हो हिला!" लेक कॉलेजात एनसीसीत आहे. तिला शिडाची होडी चालवायला शिकायचंय. घर मांगेला समाजाचं, आजोबा जुने तांडेल, बाप अजून मासेमारीला जातो. पण पोरीने समुद्रावर? आईचा जीव वरखाली.

मैत्रिणींनो, मी कुठल्या तोंडाने समजावणार? तारापूरला राहून मी माझ्या लेकीला पोहायला पाठवलं नव्हतं. आता ती पुण्यात नोकरी करते आणि पैसे भरून तलावात पोहायला शिकली!

तरी आईची भीती उगाच नाही. मे 2021च्या तौक्ते वादळात एक मोठा बार्ज नांगर सुटून भरकटला आणि इथे वडराईच्या किनाऱ्याजवळ येऊन अडकला. त्यावरच्या 137 जणांना वाचवलं, पण ते दिवस आपल्या पट्ट्यातली कुठली बाई विसरली असेल? एवढ्या धुडाचा नांगर टिकला नाही, तिथे होडीचं काय!

मी त्यांच्या घरी गेले. मुलीने आधी 'तारिणी'ची गोष्ट काढली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही शिडाची नौका. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, सगळ्या बायकाच, 10 सप्टेंबर 2017 ला गोव्यातून निघाल्या आणि 21 मे 2018 ला पृथ्वीला फेरी मारून परतल्या. परतीच्या टप्प्यात सुकाणू बिघडलं, तेव्हा हट्टाने पुढे न रेटता त्या मॉरिशसला, पोर्ट लुईच्या बंदरात शिरल्या. दुरुस्ती केली, मग निघाल्या. मला त्या फेरीपेक्षा हे थांबणंच जास्त आवडलं. 2024-25 मध्ये तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून जग फिरून आल्या.

"पण बेटाबेटांवर फिरणारे रात्री थांबतात कुठे?" आईने विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिने 'जाऊ नको' सोडून काही म्हटलं.

मग मुलगी खुलली. उष्ण प्रदेशातल्या बेटांवर वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिमेचा आडोसा शोधायचा. तळ वाळूचा किंवा चिखलाचा हवा. प्रवाळावर नांगर टाकला तर दोराही घासतो आणि प्रवाळही मोडतं. साखळी किंवा दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट, वारा वाढला तर सातपट सोडायचा. नांगराभोवती होडी गोल फिरली तरी खडकाला किंवा शेजारच्या होडीला लागणार नाही एवढी मोकळी जागा ठेवायची. अनोळखी बेटाजवळ अंधारात शिरायचंच नाही. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असलं की पाण्याखालचा खडक रंगावरून कळतो.

आजोबा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "आपल्याकडे पाणी गढूळ, रंग काय दिसणार? आणि उधाणाला पाणी चार मीटरवर चढतं. भरतीला नांगरलीस तर ओहोटीत होडी चिखलात बसेल. दोर भरतीच्या हिशोबाने, खोली ओहोटीच्या हिशोबाने बघायची." मुलगी वहीत लिहून घेत होती. हे ज्ञान याच घरात होतं, पण नातवाला मिळालं असतं, नातीला कोणी सांगितलंच नव्हतं.

मला हेच खटकतं. आपण मासे विकतो, बोंबील वाळवतो, होडीच्या कर्जाचे हप्ते आपण सांभाळतो, वादळात किनाऱ्यावर रात्र आपण काढतो. मग होडी कुठल्या खाडीत, कुठल्या आडोशाला उभी आहे, हे आपल्याला का ठाऊक नसावं? मुलगी जाते म्हणाली तर 'नाही' म्हणण्याआधी पोहता येतं का, लाइफ जॅकेट घालणार का, हवामान खात्याचा इशारा कोण ऐकणार, रात्री कुठे थांबणार, हे विचारू या ना. नीट उत्तर नाही मिळालं तर खुशाल अडवा. मीही अडवेन.

आई अजून हो म्हणालेली नाही. पण येत्या रविवारी भांग आहे, पाणी मंद. आजोबा दोघींना घेऊन खाडीत जाणार आहेत. हो, दोघींना. आई म्हणे, "मी नुसती बसेन." आमच्या गटातल्या दोघीतिघींनी विचारलंय, होडीत जागा आहे का?