आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

“मराठीत शोधून काही सापडत नाही, सर!” हे वाक्य पांढुर्णा-सौंसरकडच्या घरांतून आता सुभाषितासारखे ऐकू येते. मुले म्हणतात, पालक म्हणतात आणि खेदाची गोष्ट अशी, की शिक्षकही म्हणतात. मग हिंदीत शोधा, तेथे नाही मिळाले तर इंग्रजीत शोधा, आणि तेवढाही उत्साह नसेल तर यंत्राने वरच्या चौकटीत जे तयार उत्तर मांडले असेल ते वहीत उतरवून मोकळे व्हा! या समजुतीविरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. आडात पुष्कळ पाणी आहे. आपला दोर आखूड पडतो.

शोधयंत्र म्हणजे कोणी सर्वज्ञ पंडित नव्हे. पुस्तकाच्या अखेरीस शब्दसूची असते, तशी जगभरच्या पानांची ती एक अवाढव्य सूची आहे. आजची यंत्रे समानार्थी शब्द पाहतात, अर्थाचा अंदाजही बांधतात. पण तो अंदाज आपण दिलेल्या शब्दांवरूनच. शब्द चुकला की वाट चुकली. आणि येथेच आपल्या द्विभाषिक मुलखाची फसगत होते, कारण मराठी आणि हिंदीची लिपी एकच. ‘संशोधन’ म्हणजे आपल्याकडे नवे ज्ञान शोधणे. हिंदीत मात्र कायद्यातली किंवा घटनेतली दुरुस्ती. ‘शिक्षा’ आपल्याकडे दंड, तिकडे शिक्षण. ‘चेष्टा’ आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. असा एकच शब्द टाकून बसलात, तर हिंदीच्या महापुरात मराठी पान कोठे वाहून गेले ते कळणारही नाही. मग ‘मराठीत काही नाही’ म्हणून हाकाटी करायची. नाचता येईना, अंगण वाकडे!

घरचेच उदाहरण घेऊ. आपला भाग संत्र्याचा. आंबिया बहाराची फळे गळू लागली, की शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा मोबाइलवर ‘संतरे का फल गिरना’ असे लिहितो. त्याऐवजी त्याने ‘संत्रा फळगळ’ एवढे दोनच शब्द लिहून पाहावेत. संत्र्यावरचा मराठी कृषिसल्ला मुख्यतः नागपूर-अमरावतीचा संत्रापट्टा समोर ठेवून लिहिला जातो. तेच नागपुरी संत्रे, तेच आंबिया आणि मृग बहार. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. काळ्या माशीमुळे पानाफळांवर काळी बुरशी चढते, तिला आपला शेतकरी ‘कोळशी’ म्हणतो आणि मराठी कृषिलेखही ‘कोळशी’च म्हणतात. आजोबांच्या तोंडचा शब्द हीच येथे किल्ली आहे, आणि नातू ती गंजू देत आहे.

या शब्दांतला ‘ळ’ पाहा. प्रमाण हिंदीत हे अक्षर नाही. म्हणजे ‘फळ’ लिहिले, की आपसूक मराठीची चाळणी लागते. पण त्यासाठी मोबाइलवर मराठी कळफलक हवा. आपल्या कित्येक घरांत हिंदी कळफलकावर ‘फल’ लिहून काम भागवले जाते. शब्दात ‘ळ’ येत नसेल, तर सोबत ‘आणि’, ‘आहे’, ‘कसे करावे’ असे अस्सल मराठी शब्द जोडावेत. तेवढ्यानेही निवड सुधारते.

यावर कोणी म्हणेल, “मास्तर हिंदीच्या विरोधात आहेत.” मुळीच नाही. जमिनीचा कागद हवा असेल तर पांढुर्ण्याच्या माणसाने ‘सातबारा’ लिहून भागणार नाही. तो शब्द त्याला महाराष्ट्राच्या दारात नेऊन उभा करील. तेथे ‘खसरा’ आणि ‘खतौनी’च लिहावे, कारण आपले सरकारी दप्तर मध्यप्रदेशचे आहे. कचेरीचे काम हिंदी शब्दाने, शेताचे, घराचे, संतांचे मराठी शब्दाने. पुण्याच्या मुलाजवळ सहसा नसते ती दुसरी किल्ली आपल्या मुलांना जन्मतःच मिळाली आहे. दोन किल्ल्या असून एक फेकून देणाऱ्याला काय म्हणावे?

इतिहास शोधतानाही असेच भान हवे. पांढुर्णा जिल्हा झाला 2023 साली. त्याआधीची माहिती ‘छिंदवाडा’ या नावाखाली शोधावी लागेल. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. त्यामागचे शोधायचे तर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ म्हणावे लागेल. गावांची नावेही दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावीत: पांढुर्णा, पांढुर्ना, पांढुरना, सौंसर, सौसर. इंग्रजीत नुसते ‘सौसर’ लिहाल, तर आपल्या गावाऐवजी भूगर्भशास्त्रातला मँगनीजचा ‘सौसर समूह’ पुढ्यात येण्याचा संभव आहे!

बाकीची अवजारे साधी आहेत. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. नको असलेल्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, वजाबाकीचे चिन्ह द्यावे. ‘संशोधन -संविधान’ असे लिहून पाहा. एकाच संकेतस्थळात शोधायचे असेल, उदाहरणार्थ मराठी विश्वकोशात, तर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, लगेच अपूर्णविराम आणि त्याला लागूनच त्या स्थळाचा पत्ता लिहावा. मग आपला शब्द. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणी वाटणारी चिन्हे अशी उपयोगाला येतात. आणि वरच्या चौकटीतले तयार उत्तर हे उत्तर नव्हे, सांगोवांगी आहे. खालचे मूळ पान उघडल्यावाचून ते वहीत लिहू नये.

आता एक कडू गोष्ट. काही ठिकाणी आड खरोखरच कोरडा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार शोधून पाहा. दगड, जखमा आणि बातम्या यांचा खच पडेल. पण नदीच्या दोन्ही काठांवरच्या वृद्धांनी मराठीत सांगितलेली हकिगत शोधू जाल, तर निराश व्हाल. हा दोष यंत्राचा नाही. आपण लिहिले नाही. जे लिहिले, ते जुन्या फॉन्टमध्ये छापले, ज्यांची अक्षरे यंत्राला निरर्थक दिसतात. किंवा पानांची नुसती छायाचित्रे काढून ठेवली, ज्यांतला मजकूर शोधात येईलच अशी खात्री नाही. युनिकोडमध्ये लिहिलेले एक पान अशा दहा अंकांपेक्षा अधिक वाचकांच्या हाती लागेल.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत पालकांनी दोन कामे करावीत. मुलांच्या मोबाइलवर मराठी कळफलक बसवावा, आणि आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यांचे शब्द मुलांकडून शोधून घ्यावेत. सापडले तर उत्तम. न सापडले, तर तेच शब्द अर्थासह मुलांकडून लिहवून घ्यावेत. पुढच्या पिढीच्या पोहऱ्यात काही यायचे असेल, तर आडात आज कोणीतरी भर घातली पाहिजे.